अण्णांचा वॉकर, मोरीतले दांडे आणि काढून टाकलेलं एक हँडल : सात महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या श्रावणापासून अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, आम्ही बऱ्याच वस्तू घेतल्या. त्यांतल्या कुठल्या कामाला आल्या आणि कुठल्यांचे पैसे वाया गेले, ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं. वॉकरबद्दल वाचायला जे मिळतं ते बहुतेक गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांसाठी असतं. अण्णांचे गुडघे ठणठणीत आहेत. त्यांना कॅन्सर आहे, आणि त्यांचं पडणं निराळ्या कारणांनी झालं.

अण्णा ७१ वर्षांचे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, कराड डेपोचे. त्यांना मल्टिपल मायलोमा आहे. हा हाडांच्या मगजातला कॅन्सर, हाडं आतून पोखरतो. आठवड्याला एकदा बोर्टेझोमिबचं इंजेक्शन पोटावर कातडीखाली, त्याच दिवशी डेक्साच्या (डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या) गोळ्या, लेनालिडोमाइडच्या कॅप्सूल, आणि त्या कॅप्सूलने रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन. सहा महिन्यांत रिपोर्ट सुधारले होते. घरात सगळे निवांत झालो होतो.

नागपंचमीच्या आदल्या रात्री तीनच्या सुमारास अण्णा पडले. डेक्साच्या दिवशी त्यांना झोप लागत नाही. लघवीला उठले, आई जागी होईल म्हणून दिवा लावला नाही, आणि मोरीच्या उंबऱ्याशी कोसळले. आईचा फोन आला तशी मी मुलाला घेऊन धावले. माझं सासर दोनच गल्ल्या पलीकडं आहे. कपाळावर खोक पडली होती आणि श्वास घेताना छातीत कळ येत होती. आम्ही दोघांनी काखेत हात घालून त्यांना ओढून उठवलं. असं करायला नको होतं, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. पोखरलेल्या हाडांच्या माणसाला दंडाला धरून ओढलं तर तिथल्या तिथं आणखी एक हाड मोडू शकतं. आधी कुठं दुखतंय ते विचारायचं, हातपाय हलतायत का बघायचं, आणि कळ जास्त असेल तर न हलवता मदत बोलवायची. तसं काही नसेल तर कुशीवर वळवून गुडघ्यांवर आणायचं, समोर भक्कम खुर्ची ठेवायची आणि त्यांचं त्यांना सावकाश उठू द्यायचं.

दोन बरगड्यांना तडा होता आणि कपाळाला पाच टाके पडले. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट ६२ हजारांवर आल्या होत्या, निरोगी माणसाला त्या दीड लाखाच्या वर असतात. शिवाय ॲस्पिरिन चालू. म्हणून डोक्याचं सीटी स्कॅन त्याच रात्री झालं. ते चांगलं निघालं, तरी पुढं काही आठवडे डोकेदुखी, उलटी, गुंगी, बोलण्यातला गोंधळ यांवर लक्ष ठेवायला सांगितलं, कारण डोक्यातलं रक्त कधी कधी हळूहळू साठत जातं. कॅन्सरचं इंजेक्शन तीन आठवडे थांबलं. मला त्या तीन आठवड्यांचीच जास्त धास्ती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मोरी धुताना एकच चप्पल सापडली. दुसरी खोलीत पलंगाजवळ होती. म्हणजे अर्ध्या वाटेवर चप्पल पायातून निसटली आणि अण्णांना पत्ता नव्हता. विचारल्यावर म्हणाले, "पोरी, क्लचवर पाय हाय का न्हाय त्येच कळंना झालंय. दोन म्हैनं झालं." मग हळूहळू बाकीचंही बाहेर आलं. त्याआधी ते दोनदा पडले होते, एकदा देवळाच्या पायरीवर आणि एकदा गच्चीत. औषध बंद करतील या भीतीनं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. तपासणीला गेलो की ताप, उलटी, जुलाब, भूक, सगळं विचारलं जायचं. पडलात का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. जो एकदा पडतो तो पुन्हा पडण्याची शक्यता दुपटीवर जाते, हे आता मला माहीत आहे.

पुढच्या भेटीत मीच विषय काढला. डॉक्टरांनी ड्रॉवरमधून नादकाटा काढला. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, ध्वनीचा धडा आला की नादकाटा माझ्या हातात असतो. तो असा माझ्याच वडिलांच्या पायाला लागलेला बघताना पोटात कालवलं. १२८ हर्ट्झचा काटा कंप पावत होता आणि अण्णांना तो अंगठ्यावर कळेना, घोट्यावर कळेना, गुडघ्यावर कुठं कळला. मग पाय जुळवून डोळे मिटायला सांगितले तर ते झुलायला लागले. दिवसा त्यांचे डोळे पायांचं काम करत होते, अंधारात ते काम बंद पडत होतं. बोर्टेझोमिबनं पायांच्या नसा अशा बधिर होतात. डॉक्टरांनी डोस कमी केला. झोपवून वरचं प्रेशर १३२ आलं आणि उभं केल्यावर १०४. वजन नऊ किलोंनी उतरलं होतं आणि बीपीची गोळी मात्र जुन्याच वजनाची चालू होती. त्यात प्रोस्टेटची जी गोळी ते रात्री घेतात तीही उभं राहिल्यावर प्रेशर पाडते. बीपीची गोळी बंद झाली. आणि डेक्सा मांड्यांचे स्नायू झिजवते, त्यामुळं खाली बसलं की त्यांना हात टेकल्याशिवाय उठता येत नव्हतं.

खरेदी या सगळ्यावर अवलंबून होती, म्हणून इतकं आधी सांगितलं. बधिर पाय, मांड्यांत जोर नाही, उठल्यावर अंधारी, आणि मोडलं तर लवकर न जुळणारं हाड.

पहिला वॉकर शेजारच्यांच्या माळ्यावरचा. आईनं मागून आणला. तो इतका उंच होता की अण्णांचे खांदे कानाला टेकत होते, आणि एका पायाचं रबर झिजून आतली नळी फरशीवर सरकत होती. दोन दिवसांत परत दिला. घराजवळच्या एका दुकानात गेले तर वॉकर म्हणताच दोन मिनिटांत पिशवीत घालून दिला, कुणासाठी, केवढी उंची, काहीही न विचारता. तो मी तिथंच ठेवून आले.

आम्ही तपासणीला ओगलेवाडीच्या स्टेशनवरून रेल्वेनं मिरजेला जातो. तिथं दवाखान्यांच्या रस्त्यावर सर्जिकल सामानाचं एक लहान दुकान आहे, दोन माणसं उभी राहिली की भरतं. तिथल्या काकांनी वॉकर दाखवायच्या आधी तीन प्रश्न विचारले. पेशंट कुठंयत? कशानं पडले? मोरीचं दार किती इंचाचं आहे? तिसऱ्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. "ताई, दार मोजल्याबिगर मी देत नाही. परत करायला एवढ्या लांबनं याल का?" मी मुलाला फोन करून टेप लावायला सांगितलं. दार २२ इंच भरलं. समोरचा वॉकर पायांशी २४ इंच रुंद होता. तो घेतला असता तर जिथं अण्णा पडले त्याच जागी त्यांना वॉकर सोडून हवेत हात मारावा लागला असता.

यावर काकांनीच मार्ग सांगितला. वॉकर मोरीच्या दारापर्यंत, दाराच्या चौकटीपासून पुढं भिंतीला दांडे. मग त्यांनी अण्णांना बाकड्यावरून उठवून उभं केलं, पायात रोजचीच वहाण आहे ना ते बघितलं, हात मोकळे सोडायला लावले आणि मनगटाच्या घडीशी मूठ येईल इतकी उंची ठेवली. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलं पाहिजे. पायांना इंचाइंचावर भोकं आहेत, खटका दाबून उंची बदलता येते. चारही पाय एकाच भोकात आहेत का, हे घरी आल्यावर पुन्हा बघा.

आम्ही घेतला तो ॲल्युमिनियमचा घडीचा, पुढं दोन चाकं आणि मागं रबरी बुचं असलेला. १,९५० रुपये. कंपनीचं नाव कुठं सापडलं नाही. चाकांचा घ्यायचं कारण बरगड्या. बिनचाकांचा प्रत्येक पावलाला उचलावा लागतो आणि तेव्हा छातीत कळ जाते. सात महिन्यांत नळी वाकलेली नाही की खटका सैल झालेला नाही. पण आमच्या शहाबादी फरशीच्या सांध्यांत चाकं अडतात, आणि आडवं वळताना एक चाक उचलल्यासारखं होतं. गुळगुळीत फरशीच्या घरात हा त्रास होणार नाही. घडी करायचं बटण फार कडक आहे, आईच्या बोटांनी दबत नाही, त्यामुळं गाडीत ठेवायचा तर मी किंवा मुलगा लागतो. पुढच्या दांडीला आम्ही पाण्याची बाटली आणि मोबाइलसाठी पिशवी अडकवली होती, तिच्यात आईनं एकदा किलोभर केळी ठेवली आणि वॉकर पुढं कलंडायला लागला. आता नुसता मोबाइल असतो.

वॉकर घरी आला म्हणजे माणूस चालायला लागतो असं नाही. पडल्यापासून अण्णा तीन आठवडे पलंगावरच होते, भीतीनं. बसून राहिल्यानं मांड्या आणखी बारीक झाल्या. चालायला लागले ते वॉकर हातगाड्यासारखा पुढं ढकलत आणि आपण दोन हात मागं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी आठवड्यातून दोनदा घरी येऊन ते मोडलं. पावलं चौकटीच्या आत पडली पाहिजेत. उठताना वॉकरला धरून ओढायचं नाही, हात पलंगावर टेकून उठायचं, उभं राहून दहापर्यंत मोजायचं आणि मगच मूठ धरायची. त्या दहाच्या मोजण्यात प्रेशरला सावरायला वेळ मिळतो. बाईंनी पहिल्या दिवशी घड्याळ लावलं: खुर्चीतून उठणं, तीन मीटर चालणं, वळून परत येऊन बसणं. अण्णांना २४ सेकंद लागले. १२ किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. रोज सकाळ-संध्याकाळ खुर्चीवरून दहा वेळा ऊठबस केली आणि अडीच महिन्यांनी ते १५ वर आले. या बाईंची फी माझ्या मते सगळ्या खरेदीत सर्वांत चांगली खर्च झाली.

आता दांडे. पुण्याहून दादानं काळजीपोटी एक हँडल ऑनलाइन मागवून दिलं, ६४९ रुपयांचं, हवेच्या दाबावर टाइलला चिकटणारं. खटका दाबला की हिरवी खूण दिसते, म्हणजे बसलं म्हणायचं. खूण हिरवीच होती आणि माझ्या मुलानं तिसऱ्यांदा जोर लावून ओढल्यावर हँडल त्याच्या हातात आलं. आमच्या टाइल्स खरखरीत नक्षीच्या, वर साबणाचा थर. खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं मग वाचलं: पूर्ण शरीराचं वजन टाकू नये. पडणारा माणूस पूर्ण वजनच टाकतो. ज्याला पायाखालचं कळत नाही त्याच्या हाताला तरी खात्रीची वस्तू लागली पाहिजे. कॅन्सरच्या पेशंटच्या घरात हे हँडल लावू नका, असं मी ठामपणे सांगते.

त्याऐवजी मिरजेच्या काकांकडून स्टीलचे दोन दांडे आणले, १८ इंची, ७०० रुपयांना एक. आमच्या भिंती जुन्या, मातीच्या गिलाव्याच्या. गवंड्यानं भोक पाडलं तर माती भुरभुरत खाली आली, स्क्रू धरेना. शेवटी त्यानं भिंतीच्या पलीकडच्या अंगाला सागवानी फळी लावली आणि आरपार बोल्ट टाकले. माझा मुलगा आणि गवंडी दोघं लोंबकळले, हललं नाही. उंचीसाठी मी पुस्तकी माप घेतलं नाही. अण्णांना दिवसाउजेडी मोरीच्या दारात उभं केलं, मी मागून धरलं, डोळे मिटायला सांगितले आणि आधार शोधत हात आपसूक कुठं जातो ते बघून खडूनं खूण केली. एक दांडा दाराशी उभा लागला, दुसरा आतल्या भिंतीला आडवा. आज अण्णा त्या उभ्या दांड्याला हात लावल्याशिवाय मोरीत पाऊल टाकत नाहीत. माझ्याकडून याला पैकीच्या पैकी मार्क.

मोरीचा उंबरा चार इंचांचा होता. तो गवंड्यानं उतरवून इंचावर आणला, त्याहून खाली आणला तर पाणी बाहेर येतं. वर पिवळा पट्टा मारला, म्हणजे डोळ्यांना तरी दिसेल. पुढच्या दाराचा उंबरा मात्र आईनं काढू दिला नाही, त्यावर ती रोज हळद-कुंकू वाहते. मलाही तो काढवला नसता. सुतारानं दोन्ही अंगांनी लाकडी उतार बसवून दिला, हळदी-कुंकवाला मधली जागा मोकळी ठेवून.

अंघोळीची खुर्ची १,४०० रुपये. अण्णा जन्मभर पाटावर बसून अंघोळ करत आले, ते सोडवणं अवघड गेलं. खुर्चीच्या बैठकीला भोकं आहेत, पाणी साठत नाही, पायांना रुंद रबरं आहेत. पण नुसती खुर्ची घेऊन भागत नाही. बादली खालीच राहिली तर तांब्या भरायला वाकावं लागतं आणि तिथंच तोल जातो. आम्ही बादली एका चौथऱ्यावर ठेवली. रबरी चटईबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. आठवड्यात तिच्याखाली बुळबुळीत थर जमला आणि चटईच सरकायला लागली. ती काढली, आता मी स्वतः दर दोन दिवसांनी फरशी खराट्यानं घासते, पावसाळ्यात रोज.

कमोडची खुर्ची ३,२०० रुपये. महिनाभर अण्णांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही, पलंगाशेजारी असं काही ठेवणं त्यांना अपमान वाटत होता. मी जोर केला नाही. एका डेक्साच्या रात्री त्यांनी आपणहून वापरली. आता फक्त त्याच रात्री वापरतात. भांड्याचं झाकण घट्ट बसत नाही, ती खोट आहे. हालचाल झाली की आपोआप लागणारे दोन दिवे, ३०० रुपयांना एक, पलंगाखाली आणि मोरीच्या वाटेवर लावले आहेत. आईची झोपमोड होत नाही, त्यामुळं अंधारात चालायचं कारणच उरलं नाही. स्लिपर घरातून हद्दपार आहेत, मागं पट्टा असलेली सँडल अण्णा पलंगावर बसूनच घालतात. आणि रोज रात्री आई त्यांचे तळवे बघते, कारण खडा टोचला तरी त्यांना कळत नाही.

गवंडी आणि सुतार धरून सगळा खर्च साडेअकरा हजारांच्या आसपास गेला, फिजिओच्या बाई वेगळ्या. नागपंचमीच्या त्या एका रात्रीचं बिल याहून मोठं होतं. त्यानंतर अण्णा एकदाच घसरले, संक्रांतीच्या सुमारास, आणि तेव्हा हात दांड्यावर होता. गुडघा टेकला, एवढंच. तरीही डॉक्टरांना फोन करून सांगितलं, आणि या वेळी सांगितलं ते अण्णांनीच.

वॉकरच्या रबरी बुचांबद्दल राहिलं. एसटीत असताना गाडी काढायच्या आधी अण्णा टायर बघायचे. आता दर रविवारी पलंगावर बसून वॉकर आडवा घेतात आणि मागच्या दोन्ही बुचांवरून अंगठा फिरवतात. हाताची बोटं त्यांची अजून शाबूत आहेत. मागच्या रविवारी मला हाक मारली, "हे बघ, डाव्याची नक्षी गेली." खरंच गेली होती. काकांकडं एक बूच ४० रुपयांना मिळतं. आतला व्यास मोजून न्या, आमच्या वॉकरला एक इंची लागतं, आणि झिजलं एकच असलं तरी मागची दोन्ही बदला, नाहीतर वॉकर डुगडुगतो.